पांढऱ्या बाराबंदीचं चित्र अडकलं तेव्हा: सोलापुरातलं एक प्रकरण

चित्र 36 बाय 48 इंचांचं, सुती कॅनव्हासवरचं, तैलरंगातलं. विषय गड्ड्याचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा: तैलाभिषेकाच्या दिवशी निघणारी नंदीध्वजांची (माणसांनी पेललेल्या उंच, सजवलेल्या काठ्यांची) मिरवणूक, सकाळचं ऊन आणि पांढरी बाराबंदी, म्हणजे बंदांचा पारंपरिक अंगरखा, घातलेली माणसं. चित्रकर्ती सोलापुरातल्या एका शाळेत कलाशिक्षिका आहे, वय चाळिशीच्या आसपास. जी. डी. आर्ट या कलेच्या पदविकेनंतर बरीच वर्षं तिने जलरंगातली छोटी निसर्गचित्रं केली. एवढ्या आकाराचं आणि इतक्या माणसांचं तैलचित्र हे पहिलंच. जानेवारीच्या अखेरीस काम सुरू झालं, मे महिन्यातल्या एका सामूहिक प्रदर्शनाचं निमित्त होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री तिने मुख्य आकृतीचा छातीकडचा सगळा रंग पॅलेट नाईफने खरवडून काढला आणि उरलेल्या चित्रावर पांढरा प्रायमर (कोऱ्या कॅनव्हासला रंगाआधी देतात तो अस्तराचा हात) फिरवायला घेतला. डबा जवळजवळ रिकामा होता म्हणून चित्र वाचलं. (डबा भरलेला असता तरी उपयोग नव्हता. ओल्या किंवा अर्धवट सुकलेल्या तैलरंगावर ॲक्रिलिक प्रायमर धरत नाही, पापुद्रे सुटतात. कॅनव्हासही गेला असता आणि प्रायमरही.)

त्या दिवसांत तिच्या तोंडी एकच वाक्य होतं: ‘मला फिगर जमतच नाही.’ फिगर म्हणजे मानवाकृती. कॅनव्हासवर बिघडलेल्या गोष्टी पाच-सहा होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचा फिगरशी काही संबंध नव्हता. हे अंतर कसं पडलं आणि कसं मोजलं गेलं, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

विषयाचं ओझं

गावाबाहेरच्या माणसाला हे चित्र म्हणजे एक मिरवणूक. सोलापूरकराला तसं नाही. नंदीध्वज सात, हिरेहब्बू वाड्यापासून त्यांचा मार्ग ठरलेला, 68 लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम. नंदीध्वजांना बाशिंग कोणत्या दिवशी आणि नागफणी कोणत्या दिवशी बांधायची, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अशा विषयात तपशील चुकला तर बघणारा चित्राच्या गुणांपर्यंत पोचतच नाही, चुकीपाशीच थांबतो. त्यात हे देवाचं काम. ‘वाईट झालं तर घरात ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही,’ हे तिचं म्हणणं वरवर गमतीचं वाटलं, तरी हात आखडण्याचं हे एक खरं कारण होतं. निसर्गचित्र फसलं तर ते उलटं करून त्याच कॅनव्हासवर दुसरं काढता येतं. इथे ती वाट तिने मनातल्या मनात आधीच बंद करून टाकली होती.

सुरुवात चांगली झाली, तीच पुढे नडली

संदर्भासाठी तिच्याकडे दोन गोष्टी होत्या: मोबाइलवर काढलेले फोटो आणि मिरवणुकीत उभ्या उभ्या 6बी पेन्सिलने केलेली घाईची स्केचेस. फोटोचं प्रमाण 3:4, कॅनव्हासचंही तेच. त्यामुळे 6 इंचांचे चौकोन आखून, आडवे 8 आणि उभे 6, फोटो सरळ मोठा करता आला. दोन संध्याकाळींत रेखांकन उभं राहिलं. त्यावर बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अंडरपेंटिंग, म्हणजे खालचा पहिला थर, झाला. सगळीकडे तपकिरी लावायचा आणि उजेडाच्या जागा सुती फडक्याने पुसून उघड्या करायच्या, ही नेहमीची पद्धत.

या टप्प्यावर चित्र फार सुरेख दिसत होतं. घरातले खूश, शाळेतले सहकारी खूश. सासूबाई म्हणाल्या, ‘आता पुरे कर की गं, छान झालंय.’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. एका रंगाच्या अंडरपेंटिंगमध्ये छायाप्रकाश आपोआप सांभाळला जातो, कारण हाताशी गडद आणि फिकं एवढेच दोन पर्याय असतात. शिवाय पुसून उघडा केलेला कॅनव्हास खालून उजळत असतो, त्यामुळे पांढरे कपडे उन्हात असल्यासारखे दिसतात. अपारदर्शक रंग चढायला लागला की हा उजाळा जातो. तो पुन्हा मिळवायचा तर रंगांच्या परस्पर नात्यातून मिळवावा लागतो, नुसता पांढरा लावून मिळत नाही. बहुतेक मोठी तैलचित्रं याच जोडावर अडखळतात. चित्रकाराला वाटतं, चांगलं चाललेलं आपण बिघडवलं. खरं म्हणजे सोपा टप्पा संपून अवघड टप्पा सुरू झालेला असतो, आणि मधला काही काळ चित्र दोन्ही टप्प्यांपेक्षा वाईट दिसतं.

इथे तिने एक निर्णय घेतला, तो पुढे महागात पडला. रंगकाम पुढच्या माणसांच्या चेहऱ्यांपासून सुरू केलं. चेहरे हा सगळ्यात आवडीचा भाग, म्हणून आधी. मागची गर्दी, रस्ता, आकाश तपकिरीच राहिलं. त्या तपकिरीच्या शेजारी कोणताही त्वचेचा रंग थंड आणि फिकट भासतो. तो बरोबर दिसावा म्हणून तिने तो अधिक तांबूस केला. महिन्याभराने मागे खरा रंग लागला, तेव्हा पुढची सगळी माणसं ताप आल्यासारखी लाल दिसू लागली.

रात्रीचा पिवळा दिवा

कामाची जागा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. उत्तरेला खिडकी आहे, पण शाळा, घर आणि पाण्याच्या पाळीचा दिवस सांभाळून कामाला हात लागायचा तो रात्री साडेनऊनंतर. खोलीत एकच एलईडी बल्ब, ‘वॉर्म व्हाइट’ जातीचा, म्हणजे साधारण 3000 केल्विनचा (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा).

अशा पिवळसर उजेडात पांढरा आणि त्यात किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळलेला पांढरा यांतला फरक जवळजवळ दिसत नाही. निळा मंद दिसतो. त्यामुळे सावलीचा निळसरपणा पुरेसा नाही असं वाटून हात अल्ट्रामरीन निळ्याकडे जातो. सकाळी खिडकीतून उजेड आला की तीच बाराबंदी नीळ जास्त झालेल्या धुण्यासारखी दिसते. मग रात्री ती दुरुस्त करायला ऑकर घालायचा. तो पिवळ्या दिव्यात दिसत नाही, म्हणून आणखी घालायचा. दुसऱ्या सकाळी कपडे मळके.

मार्चभर हे चक्र चाललं. मुख्य आकृतीच्या छातीवर थरावर थर चढत गेले, तेही ओल्यावर ओले. टायटॅनियम व्हाइट सुकायला बर्न्ट अंबरपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो. अंबर दीड-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, पांढऱ्याचा जाड थर आठवडाभरही ओला राहू शकतो. त्या ओल्या पांढऱ्यात रोज थोडा निळा, थोडा ऑकर, थोडा विटकरी सिएना मिसळत गेला आणि शेवटी राखाडी चिखल झाला. शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधलं सुताचं तूस उघड्या खिडकीतून येऊन त्या ओल्या रंगावर बसत होतं, ते वेगळंच.

रोज सकाळी शाळेत जायच्या आधी दोन मिनिटं चित्र बघायचं, निराश व्हायचं आणि ती निराशा दिवसभर बाळगून रात्री पुन्हा त्याच दिव्याखाली उभं राहायचं, असा तिचा क्रम झाला होता. स्वतःबद्दलची शंका इथे रुजली. तिला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी नेहमीच्याच: मोबाइलवर इतरांची पूर्ण झालेली चित्रं, प्रदर्शनाची तारीख, आणि ‘मुलांना शिकवते मी, मलाच येत नाही’ हा शिक्षकांना हमखास डसणारा विचार. पण मुळाशी होता तो बल्ब. हे लिहिताना हसू येण्यासारखं आहे, तरी अशा अडकलेल्या चित्रांत उजेडाचा वाटा किती मोठा असतो, याची दखल फार कमी घेतली जाते.

सर आले त्या सकाळी

खरवडण्याच्या प्रकारानंतर तिने आपल्या जुन्या, निवृत्त कलाशिक्षकांना बोलावलं. त्यांनी येण्याआधी दोन अटी घातल्या. चार दिवस चित्राला हात लावायचा नाही, आणि भेट सकाळी नऊला, दिवा बंद ठेवून.

आल्यावर त्यांनी चित्राबद्दल मत दिलं नाही. आधी त्यांनी चित्राच्या सुकलेल्या भागांना तेल दिलं. समान भाग जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, फडक्यावर थोडंसं घेऊन पातळ पुसायचं, पाच मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादाचं टिपून घ्यायचं. कारण असं, की टर्पेंटाइन जास्त पडलेले आणि अंबरसारखे मातीचे रंग सुकताना बसतात. खालचा थर त्यांतलं तेल शोषतो, पृष्ठभाग मॅट होतो आणि गडद रंग फिकट, धुरकट दिसतात. एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली टर्प भराभर उडत असल्याने तिने रंग पातळ करायला ते आणखीच सढळ हाताने वापरलं होतं. मागच्या गर्दीचा निम्मा भाग असा बसलेला होता. तेल देताच तिथली खोली परत आली. ‘मागचं सगळं मेलंय’ ही तिची तक्रार दहा मिनिटांत मिटली. ज्या चित्राला तेल दिलेलं नाही त्याच्या छटांवर निकाल देऊ नये, हे पुस्तकी ज्ञान तिलाही होतं. रात्री साडेअकराला ते आठवत नाही.

मग त्यांनी तिला सगळ्या तक्रारी लिहून काढायला लावल्या आणि प्रत्येक तक्रारीपुढे एकच प्रश्न विचारला: ‘कुठे? बोट ठेव.’

यादी अशी होती. पांढरा खडूसारखा दिसतो. नंदीध्वज पडतायत असं वाटतं. पुढचे चेहरे लाल. मुख्य माणसाचा चेहरा त्याचा वाटत नाही. गर्दी गर्दी वाटत नाही, माणसं चिकटवल्यासारखी दिसतात. चित्रात आवाज नाही. मला फिगर जमत नाही. हे कुणी बघणार नाही. मी उगाच एवढा मोठा कॅनव्हास घेतला.

पहिल्या पाचांवर बोट ठेवता आलं. शेवटच्या तिन्हींवर ठेवता येण्यासारखं काही नव्हतं. सरांनी त्या खोडल्या नाहीत, वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायला सांगितल्या. ‘चित्रात आवाज नाही’ ही मधेच लटकत राहिली. तिच्याकडे पुढे यावं लागेल.

पांढरा

सगळ्यात मोठा दोष इथे होता. तो पांढऱ्या कपड्यांच्या कोणत्याही चित्रात होण्यासारखा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देत आहोत.

काळा म्हणजे 1 आणि पांढरा म्हणजे 10 अशी छटांची पट्टी धरली, तर सकाळच्या उन्हात बाराबंदीचा उजेडाकडचा भाग 9 ते साडेनऊ असतो. त्याच कपड्याची सावलीतली बाजू 5 ते 6 वर यायला हवी. तिच्या चित्रात ती 8 वर होती. उजेड आणि सावली यांत अंतरच उरलं नव्हतं. अंतर नाही म्हणून ऊन दिसत नाही, ऊन दिसत नाही म्हणून आणखी पांढरा लावायचा, आणि पांढऱ्याच्या वर तर काहीच नाही. ट्यूबमधला पांढरा हा पट्टीचा शेवट आहे. तिथे सुरुवातीलाच पोचलं की पुढे जायला वाट राहत नाही.

असं का होतं? कपडा पांढरा आहे हे माहीत असतं, आणि डोळा सावली वजा करून तो पांढराच दाखवतो. एडवर्ड एडेल्सन यांनी 1995 मध्ये तयार केलेली बुद्धिबळाच्या पटाची आकृती अनेकांनी पाहिली असेल. दंडगोलाच्या सावलीतला ‘पांढरा’ चौकोन आणि सावलीबाहेरचा ‘काळा’ चौकोन हुबेहूब एकाच राखाडीचे असतात, आणि हे सांगूनही डोळ्याला पटत नाही. चित्रकाराचा डोळा याला अपवाद नाही. त्याला फक्त तपासायच्या युक्त्या माहीत असतात.

दुसरं कारण मोबाइलचं. हल्लीचे फोन सावल्या आपणहून उजळवतात, म्हणजे सगळं स्पष्ट दिसावं. फोटोत बाराबंदीची सावलीतली बाजू छान पांढरी होती आणि तिने ती इमानेइतबारे उतरवली. गंमत अशी, की तिच्याच पेन्सिलच्या स्केचेसमध्ये सावलीची बाजू 6बीने चांगली दाबून काळी केलेली होती. रस्त्यात उभ्या उभ्या, विचार करायला वेळ नसताना, तिने बरोबर पाहिलं होतं. ती स्केचबुक महिनाभर कपाटात होती.

तपासणी साध्या साधनांनी झाली. पुठ्ठ्याच्या पट्टीवर 9 राखाडी छटा रंगवून, प्रत्येक छटेत पंचिंग मशिनने एक भोक पाडायचं. ती पट्टी चित्रावर धरून, डोळे बारीक करून, भोकातला रंग कोणत्या छटेत विरघळतो ते बघायचं. जोडीला चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो, तोही अंगठ्याएवढा लहान करून. अंगठ्याएवढ्या आकारात मिरवणुकीचा एकच फिकट पट्टा दिसत होता, माणसं सुटी दिसतच नव्हती.

दुरुस्तीची रीत अशी ठरली. काम सुरू करण्याआधी पॅलेट नाईफने पांढऱ्या कपड्यांसाठी चारच ढीग मिसळून ठेवायचे, प्रत्येक सुपारीएवढा. पहिला उन्हातला: टायटॅनियम व्हाइटमध्ये सुईच्या टोकाएवढा ऑकर. दुसरा उन्हाकडून वळणाऱ्या भागाचा, छटा 7. तिसरा मुख्य सावलीचा, छटा साडेपाच: पांढरा 4 भाग, अल्ट्रामरीन 1, बर्न्ट सिएना अर्धा. चौथा सावलीतल्या परावर्तित उजेडाचा, तिसऱ्याइतकाच गडद पण ऑकरकडे झुकणारा. रस्त्यावरून उसळणारं ऊन कपड्याच्या खालच्या घड्यांत उबदार दिसतं, आणि वरून आकाश सावलीत निळं उतरतं. निव्वळ टायटॅनियम पॅलेटच्या कोपऱ्यात बाजूला ठेवायचा आणि शेवटच्या दिवशी वापरायचा. सगळ्या चित्रात मिळून तो तळहाताएवढ्या जागेतच लागायला हवा.

झिंक व्हाइट वापरून बघू का, असं तिने विचारलं होतं, कारण तो मवाळ असतो आणि खडूसारखा दिसत नाही. मोठ्या कॅनव्हासवर तो टाळलेला बरा. झिंकचा थर काही वर्षांनी ठिसूळ होतो आणि तडे जातात.

आधी राखाडी चिखलाची सोय लावावी लागली. खरवडून उरलेला उंचवटा दहा-बारा दिवस सुकू दिला. मग 320 नंबरचा वॉटर पेपर थोड्या पाण्याने ओला करून हलक्या हाताने घासला. कोरडा घासू नये, रंगाची धूळ श्वासात जाते, आणि कॅडमियमसारख्या रंगांच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. तूसही तेव्हाच निघालं. पुढच्या कामात ओला कॅनव्हास रात्री तोंड भिंतीकडे करून तिरका टेकवायचा, एवढ्यावर ती अडचण भागली.

नवे ढीग घेऊन तिने पहिल्या दिवशी सगळ्या बाराबंद्यांची सावलीची बाजूच तेवढी साडेपाचवर नेली. उजेडाला हातही लावला नाही. चित्र एकदम मळकं दिसू लागलं आणि ती पुन्हा घाबरली. दुसऱ्या दिवशी उजेडाचा पहिला पट्टा एका खांद्यावर पडला आणि तिथे ऊन आलं. ‘मला फिगर जमत नाही’ हे वाक्य त्यानंतर तिच्या बोलण्यात फारसं आलं नाही. फिगर होती तशीच होती.

बाकीचं थोडक्यात

नंदीध्वज पडतायत असं वाटत होतं, तो फोनच्या भिंगाचा प्रताप. उंच काठ्या चौकटीत बसाव्यात म्हणून फोन वर तिरका केला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. कडेच्या काठ्या सगळ्यात जास्त, मधली जवळजवळ सरळ. माणसाने पेललेला नंदीध्वजही झुकतो, पण तो झोक वेडावाकडा असतो, दोन्ही बाजूंना सारखा नसतो. या खुणेवरून भिंगाचा झोक कोणता आणि माणसाचा कोणता हे वेगळं काढलं. दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, कडेच्या दोन काठ्या बऱ्याचशा सरळ केल्या आणि मधल्या एकीला, जी फोटोत सरळ होती, उलट थोडा झोक दिला. तोल जाता जाता सावरलेला तो ध्वज आता चित्रातली सगळ्यात जिवंत जागा आहे.

लाल चेहऱ्यांवर सावलीच्या बाजूने व्हिरिडियन हिरवा आणि ऑकर यांचं अगदी पातळ, पारदर्शक झिलईचं काम, तेलाचं प्रमाण वाढवून. खालच्या थरापेक्षा वरच्या थरात तेल जास्त, हा क्रम पाळला नाही तर वरचा थर आधी सुकतो आणि पुढे तडकतो.

गर्दी चिकटवल्यासारखी दिसत होती, कारण मागच्या प्रत्येक माणसाची कड तितकीच धारदार होती. फोटोत असतेच, म्हणून. मागच्या रांगेतल्या सावल्या एकमेकींत मिळवून त्यांचा एकच सलग आकार केला, आणि कोरड्या दोन इंची फ्लॅट ब्रशने कडा पुसट केल्या. बरेच चेहरे गेले. हे करताना तिला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण ते नीट जमलेले चेहरे होते.

उजेडासाठी दोन बल्ब आणले, 4000 केल्विनचे, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक 90 च्या वर असलेले. एक कॅनव्हासवर 45 अंशांतून, दुसरा पॅलेटवर. दोन्हींवर एकसारखा उजेड पडला पाहिजे, नाहीतर पॅलेटवर मिसळलेला रंग कॅनव्हासवर वेगळाच लागतो. तरीही रंगाचे निर्णय सकाळी आणि रात्री फक्त आकार, कडा, पार्श्वभूमी, अशी वाटणी केली. रात्री दहानंतर चित्रावर मत नोंदवायचं नाही, हाही नियम झाला. त्यात मानसशास्त्र कमी आणि थकलेल्या डोळ्यांचा हिशेब जास्त होता.

यादीत न बसलेली तक्रार

‘चित्रात आवाज नाही.’

बोट ठेवता येत नाही ती तक्रार बाजूला, हा नियम इथे पुरा पडला नाही. बाकीचे दोष दूर झाल्यावरही ही तक्रार तशीच राहिली, उलट जास्त स्पष्ट झाली. अशा धूसर असमाधानाला मनाचा खेळ म्हणून उडवून लावायची घाई करू नये, असं आमचं मत आहे. पुष्कळदा ते एखाद्या जागेबद्दल नसून सगळ्या मांडणीबद्दल असतं, म्हणून बोट सापडत नाही. आणि काही वेळा ते खरोखरच थकव्याचं असतं. दोन्हींतला फरक करायचा एक साधा उपाय म्हणजे ती तक्रार लिहून आठवडाभर पडू द्यायची आणि सकाळी, पोटभर झोपेनंतर, पुन्हा वाचायची. ‘हे कुणी बघणार नाही’ हे वाक्य आठवड्याने तिला स्वतःलाच परकं वाटलं. ‘आवाज नाही’ हे वाटलं नाही.

मग 6 बाय 8 सेंटिमीटरचे छोटे चौकोन आखून काळा, पांढरा आणि एक राखाडी एवढ्या तीनच छटांत चित्राच्या मांडणीचे पर्याय काढले. हे खरं तर कॅनव्हास ताणण्याआधी करायचं काम. कारण लगेच कळलं. चित्राच्या खालच्या कडेपासून सगळीकडे सारखंच ऊन होतं. माणसं डावीकडून उजवीकडे एका पट्ट्यात उभी, आणि बहुतेक फोनकडे बघणारी. बघणाऱ्याची नजर शिरायला वाट नव्हती. मिरवणूक पुढे सरकत नव्हती, फोटोसाठी थांबली होती.

उपाय मोठा नव्हता. डाव्या खालच्या कोपऱ्यात, चित्राच्या साधारण पाचव्या हिश्श्यात, रस्त्याकडेच्या इमारतीची तिरकी सावली आणली. दोन कडेची माणसं त्या सावलीत गेली, छटा 3 ते 4 वर. बघणारा आता सावलीत उभा राहून उन्हात बघतो. तिघांच्या माना फिरवल्या. तीन माना फिरवायला लागला आठवडा, कारण मानेबरोबर खांदा फिरतो आणि खांद्याबरोबर बाराबंदीच्या सगळ्या घड्या. शाळेतला एक सहकारी बाराबंदी घालून गच्चीत उभा राहिला, सकाळी नऊच्या उन्हात, वीस-वीस मिनिटं.

पॉल सेझान 1899 मध्ये आंब्रुआझ व्होलार या कलाव्यापाऱ्याचं व्यक्तिचित्र करत होता. व्होलारने लिहून ठेवलं आहे, की 115 बैठकांनंतर सेझानने काम सोडलं आणि शर्टाची पुढची बाजू तेवढी वाईट झालेली नाही, असं म्हणाला. हातावर दोन बारीक जागा कोऱ्या राहिल्या होत्या. तिथे अंदाजाने काही लावलं तर त्या जागेपासून सगळं चित्र पुन्हा करावं लागेल, अशी त्याची भीती. सरांनी हा किस्सा तिला सांगितला तो धीर द्यायला नव्हे. एवढ्या असमाधानातही त्याला कोरी जागा कोणती आणि जमलेली जागा कोणती हे नेमकं सांगता येत होतं, एवढंच त्यांना दाखवायचं होतं.

सद्यस्थिती

मे महिन्याचं प्रदर्शन हुकलं. त्याऐवजी तिने खांदा आणि बाराबंदीच्या घड्यांचे 12 बाय 16 इंचांचे दोन अभ्यास पाठवले. मोठं चित्र जूनच्या अखेरीस थांबलं. पूर्ण झालं म्हणण्यापेक्षा थांबलं म्हणणं जास्त बरोबर.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. मुख्य माणसाचा चेहरा अजूनही ‘त्याचा’ वाटत नाही. या तक्रारीवर बोट ठेवता येत होतं, तरी उपाय सापडला नाही. फोटोत त्याने डोळे मिटलेले आहेत, स्केचमध्ये तो पाठमोरा आहे आणि तिसरा संदर्भ नाही. तिने तो चेहरा खरवडला नाही. उजव्या कडेच्या माणसाचा हात थोडा लहान आहे, तोही तसाच ठेवला.

शेवटचं व्हार्निश लगेच लावायचं नाही, सहा महिने ते वर्षभर थर आतून सुकायला लागतात. तोवर बसलेल्या, म्हणजे मॅट झालेल्या, जागांपुरतं रिटचिंग व्हार्निश (तात्पुरतं, पातळ व्हार्निश) पुरतं. पुढच्या कॅनव्हाससाठी तिने प्रायमरचा एक हात वाढवला आहे, म्हणजे तेल कमी शोषलं जाईल, आणि तीन छटांचे छोटे चौकोन आधीच काढून भिंतीला लावले आहेत. विषय विडी कामगार बायकांचा, खोलीच्या आतला उजेड, पांढरं फारसं नाही.

डाव्या कोपऱ्यातल्या सावलीवरून वाद मात्र चालू आहे. सरांच्या मते ती एका छटेने जास्त गडद झाली आहे. तिच्या मते नाही. पट्टी दोघांनीही लावून पाहिली, आकड्यावर दोघांचं एकमत आहे.